सागरविलासचा सज्जा

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून आत वळलं की दोन्ही बाजूंना चाळी, गॅलऱ्यांतून लोंबणारी धुणी, तळणाचा वास, कुणाच्या तरी रेडिओवरच्या बातम्या. ती गल्ली जिथे संपते असं वाटे तिथेच एक उंच लोखंडी फाटक समोर येई. फाटकाच्या माथ्यावर दगडी शंख आणि त्याला वेढून चुन्यात घडवलेला दोरखंड. बंगल्याचं नाव सागरविलास, पण आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं त्याला तारवाचा बंगला म्हणत. बंगल्याचे मालक आप्पासाहेब यांच्या पणजोबांचा बंदरातल्या जहाजांना सामानसुमान पुरवण्याचा धंदा होता. घर बांधताना त्यांनी मोडीत निघालेल्या दोन जहाजांचं सागवान उचललं आणि सगळं घरच तारवासारखं करून घेतलं. जिन्याचा कठडा पिळलेल्या दोरासारखा, वरच्या मजल्यावरच्या खिडक्या गोल, त्यांना निळ्या-हिरव्या काचा. दुपारचं ऊन त्या काचांतून आलं की संगमरवराच्या फरशीवर पाणी हलल्यासारखं दिसे. दिवाणखाना दोन मजल्यांइतका उंच होता. त्याच्या तीन बाजूंनी वरच्या अंगाला लाकडी सज्जा फिरत असे, जहाजाच्या डेकसारखा. खाली त्याला एकही खांब नव्हता. अकरा तुळया भिंतीत खोल रोवलेल्या, त्यांची तोंडं बाहेर आलेली, आणि सगळा भार त्यांच्यावर. पाहुणे मान वर करून बघत, 'हे अधांतरी कसं राहतं हो' असं विचारत, आणि आप्पासाहेब हसून म्हणत, "आमच्या पणजोबांना विचारा."

आम्ही बंगल्याच्या मागे, जुन्या तबेल्याच्या दोन खोल्यांत राहायचो. माझे वडील, आबा, बंगल्याचे सुतार. मूळचे मालवणकडचे. मुंबईत आले ते गिरणीच्या सुतारखात्यात लागले. ते खातं साच्यांच्या शेडला लागून होतं. शेकडो मागांचा खडखडाट बारा वर्षं ऐकून त्यांचे कान गेले. डावा पुरता आणि उजवा बराचसा. पुढे आप्पासाहेबांच्या वडिलांनी त्यांचा हात ओळखून बंगल्यावर आणलं, राहायला जागा दिली, आणि मी जन्मले ती त्या तबेल्यातच. आमच्या घरात सगळे मोठ्याने बोलत, आबा ऐकू येत नाही म्हणून आणि आई सवयीने. शुक्रवारी बांगड्याचं तिखलं शिजे, तिरफळांचा वास थेट बंगल्याच्या मागच्या जिन्यापर्यंत जाई. मग माईसाहेब, आप्पासाहेबांच्या पत्नी, वरच्या गोल खिडकीतून म्हणत, "आज बेत काय आहे ते न विचारताच कळलं." आई एका वाटीत चार तुकडे घालून मला वर पिटाळी. इतर दिवशी कुळथाची पिठी आणि भात. त्या पिठीची चव आज मला जमत नाही. सून म्हणते, कुळीथ चांगले मिळत नाहीत. तिचं मन राखायला मी हो म्हणते.

कान गेल्यावर सुतार लाकूड कसं पारखणार? वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि दसऱ्यानंतर, आबा सगळ्या बंगल्याचं लाकूड तपासत. मोगरीने ठोकत आणि दुसरा हात लाकडावर सपाट ठेवत. बरंचसं त्यांना तळहातातूनच कळे. पण खात्री करायला ते मला सोबत घेत. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून तुळईला कान लावत असे. "बाय, कसा आयकाक येता?" ते विचारत. शाबूत सागवान टणटणीत बोलतं. भेग असली तर आवाज दोन तुकड्यांत येतो. आतून पोकळ असलं तर तो उशिरा येतो, जरासाच, पण उशिरा. मला हे कुणी शिकवलं नाही, सांगता सांगता आलं. मैत्रिणी सागरगोटे खेळत तेव्हा मी भिंतींना कान लावून फिरत असे, आणि मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते.

मी मॅट्रिकच्या वर्षाला होते तेव्हा आप्पासाहेबांनी वरच्या मजल्यावर नवं न्हाणीघर करून घेतलं. गुलाबी फरशा, परदेशातून मागवलेला गुलाबी टब, भिंतीत दडवलेले नळ. बघायला नातेवाईक येत. न्हाणीघराची मागची भिंत म्हणजेच दिवाणखान्याची पश्चिमेची भिंत. आबांनी तेव्हाच विचारलं होतं की नळ भिंतीच्या पोटातून का नेताय. नळकाम करणाऱ्याने हसून हात हलवला होता.

काही महिन्यांनी दिवाणखान्याला वास येऊ लागला. ओल्या पोत्यासारखा, सकाळी जास्त. मग सज्ज्याखाली भिंतीवर तपकिरी डाग उमटला, आधी बशीएवढा, मग ताटाएवढा. सज्ज्याकडे जाणाऱ्या जिन्याचं दार चौकटीत अडकू लागलं. आबांनी ते रंधून घेतलं, पंधरा दिवसांनी पुन्हा अडकलं. पश्चिमेचा बेल्जियमचा आरसा, जो इतकी वर्षं सरळ होता, तो जरासा कलला. सरळ केला की आठवड्यात पुन्हा कले. पियानोवर रोज सकाळी पिठासारखी बारीक धूळ दिसे. ती पुसायचं काम शेवंताबाईंचं. त्या नायगावच्या बीडीडी चाळीतून रोज बसने येत, अंगाने किरकोळ, कपाळ मोठं, बोलणं सरळ. सगळा दिवाणखाना, झुंबर, सज्ज्याचे पितळी गोळे त्यांच्या हातून चकचकत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत मात्र त्यांना कधी कुणी बोलावलं नाही, आणि आईने चहा दिला तर त्या आमच्याच ओट्यावर बसून पीत. एकदा पियानो पुसता पुसता त्या मला म्हणाल्या, "रोज पुसते, रोज पडतं. पोरी, हे घर वरनं झिजतंय."

त्याच सुमारास आप्पासाहेबांच्या मुलीचं, शालनताईचं, लग्न ठरलं. मुलाकडचे मलबार हिलचे. साखरपुडा आमच्याकडे दिवाणखान्यात व्हायचा होता. शालनताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिनेच मला इंग्रजी वाचायला शिकवलं, तिचीच पुस्तकं मी आमच्या खोलीत नेऊन वाचत असे. साखरपुड्याच्या चार दिवस आधी तिने मला वर बोलावलं आणि आपली मोरपंखी रेशमी साडी माझ्या हातात ठेवली.

"सज्ज्यावर दहा मुली उभ्या राहणार," ती म्हणाली. "वरून गुलाबपाकळ्या टाकायच्या. दहावी तू."

मी आयुष्यात रेशीम नेसले नव्हते. मी ती साडी आमच्या पत्र्याच्या पेटीत सगळ्यांत वर ठेवली आणि दिवसातून चारदा झाकण उघडून पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंगल्यातली सगळी मंडळी खरेदीला गेली होती. आबांनी मला हाक मारली. शिडी लावून ते पश्चिमेच्या तुळयांपाशी चढले, मागोमाग मी. पहिल्या दोन तुळया बऱ्या बोलल्या. तिसरीवर मोगरी पडली तेव्हा मी कान काढून पुन्हा लावला, कारण मला वाटलं ठोकाच नीट बसला नाही. आवाज आलाच नाही म्हणावं असा. भिजलेल्या गादीवर काठी मारावी तसा. चौथी तशीच. पाचव्या तुळईला आबांनी हलकेच ठोकलं, आणि ठोका विरल्यावर आत, भिंतीच्या पोटात, काहीतरी सावकाश सरकल्यासारखा आवाज झाला. मी वेळ मोजला नाही, पण तो आवाज ठोक्यापेक्षा लांब चालला. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय गो?"

मी मान हलवली. बरं नाही, अशी. त्यांनी गिरमिट घेऊन भिंतीलगत भोक पाडलं. लाकडाचा भुसा कोरडा आणि पिवळा यायला हवा. आला तो काळा, ओला, मशेरीसारखा. आबांनी तो चिमटीत धरून वास घेतला आणि शिडी उतरले.

संध्याकाळी ते आप्पासाहेबांपुढे जाऊन उभे राहिले. मी दाराआड होते. आबांना स्वतःचा आवाज कळत नसल्याने ते खूप मोठ्याने बोलत, त्यामुळे साधी विनंतीही भांडणासारखी ऐकू येई.

"साहेब, सज्ज्यावर माणसं चढवू नका. तीन तुळया भिंतीत कुजल्यात. न्हाणीघराचं पाणी आत मुरतंय. खालून टेकू लावू दे, मग काय ते करू."

"साखरपुड्याला टेकू?" आप्पासाहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, हे मला इतक्या वर्षांनीही लिहावंसं वाटतं. पण त्या घरावर कुणी बोट ठेवलं की त्यांचा चेहरा बदलत असे. "मलबार हिलची माणसं येणार, आणि आम्ही घर बांबूंवर उभं करून दाखवायचं? दत्ताराम, हे जहाजाचं सागवान आहे. समुद्रात कुजलं नाही ते न्हाणीघराने कुजेल?"

आबांना अर्धंच ऐकू आलं. "माझ्या मुलीनं आयकलंय," ते म्हणाले. "तिका विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला दिवाणखान्यात बोलावलं. आप्पासाहेब, माईसाहेब, शालनताई, मुलाकडून सजावट बघायला आलेले दोन पाहुणे. शेवंताबाई कोपऱ्यात झुंबराचे लोलक पुसत बसल्या होत्या. आबा माझ्या शेजारी उभे, नजर माझ्या ओठांवर.

"विमल," आप्पासाहेब म्हणाले, "तू तुळयांना कान लावलास म्हणे. काय ऐकलंस?"

शालनताई माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते एवढंच. त्या पाहुण्यांपैकी एकजण तोंडावर हात ठेवून हसू आवरत होता. मला त्या क्षणी काय वाटलं ते मी अनेकदा आठवून पाहिलंय आणि दर वेळी काहीतरी मोठं कारण सापडेल अशी आशा केलीय. सापडत नाही. मला पेटीतली साडी आठवली.

"नीट कळलं नाही," मी म्हणाले. "नेहमीसारखंच वाटलं."

आबांनी ओठ वाचले. शेवंताबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुसायला लागल्या. "झालं तर मग," आप्पासाहेब म्हणाले.

घरी आबा लांब स्क्रू वेगळे काढत बसले. आई तिरफळं कुटत होती, त्याचा तेवढा आवाज. साखरपुड्याच्या दिवशी सकाळी आठ वाजता, हार-तुरे आत येत असतानाच, आबा हत्यारांची पिशवी घेऊन दिवाणखान्यात गेले. सज्ज्याच्या जिन्याचं दार त्यांनी ओढून घेतलं, चार लांब स्क्रू चौकटीत आरपार पिळले, स्क्रूंच्या खाचा पटाशीने मोडून टाकल्या, दाराची मूठ काढून खिशात घातली आणि दारापुढे जमिनीवर बसले. मोरपंखी साडी नेसून मी तिथे पोचले तेव्हा नऊ मुली पाकळ्यांची तबकं घेऊन उभ्या होत्या आणि मध्ये माझे वडील, स्वच्छ धुतलेल्या सदऱ्यात, मांडी घालून.

आप्पासाहेब त्यांच्या कानाशी वाकून दात आवळून बोलत होते. आबा फक्त म्हणाले, "आज नाय." पाहुण्यांची पहिली मोटार फाटकातून आत आली, आणि आप्पासाहेबांना सरळ उभं राहून हसावं लागलं.

साखरपुडा झाला. सनई वाजली, दीडशे माणसं जेवली. पाकळ्या आम्ही खालूनच उधळल्या. सज्जा रिकामाच राहिला आणि होता तसा राहिला, साधी करकरही नाही. दुपारी चार वाजता आबांना सांगण्यात आलं की आठ दिवसांत खोल्या रिकाम्या करा.

जागा शोधून दिली शेवंताबाईंनी. नायगावात त्यांच्याच चाळीत, त्यांच्या खोलीपासून चार दारं सोडून, एक खोली रिकामी होती. सामान चढवायला त्यांचा मुलगा अशोक आला. तो बेस्टमध्ये नवा नवा कंडक्टर होता. तीच चाळ आता पाडायला घेतलीय, तिथे टॉवर उभे राहतायत, आणि मला मिळणाऱ्या घराचा नकाशा परवाच हातात आला. पण त्या वेळी लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला नळ, आणि पहाटेपासून बादल्यांचा आवाज, यात मला घुसमटल्यासारखं झालं. शेवंताबाई रोज संध्याकाळी बंगल्यावरून परत आल्या की आमच्या दारात टेकत. त्या तिथे काम करतच राहिल्या होत्या. त्यांच्याकडूनच कळलं की नव्या सुताराने दार उघडलं, डागावर रंग मारला, भोकं लांबी भरून बुजवली.

लग्नही दिवाणखान्यातच झालं. "सज्ज्यावर चाळीस तरी बाया होत्या," शेवंताबाई आबांच्या कानाशी ओरडून म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं, पण खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "काय झालं नाय, भाऊ."

आबांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. "म्हणजे माझाच चुकला," ते म्हणाले. "चेडू सांगीत होता, तर मीच आयकलंय नाय." शिडीवर हललेली माझी मान आपणच चुकीची वाचली, असं त्यांनी धरलं.

ती चेडू, म्हणजे मी, तिथेच तांदूळ निवडत होते. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. चाळीस बायका उतरून सुखरूप घरी गेल्यावर मला वाटलं, कदाचित माझंच ऐकणं चुकलं असेल, कदाचित मी जे खोटं बोलले तेच खरं निघालं. आबांनी त्यानंतर मोठं काम घेतलं नाही. पोळपाट, पाट, फार तर एखादं फडताळ. गिऱ्हाईकाने विचारलं, 'हे लाकूड बरं आहे ना', तर ते म्हणत, 'तुम्हीच बघा.' ज्या माणसाने दीडशे लोकांदेखत दार अडवलं होतं तो माणूस हळूहळू मिटत गेला. ते मी रोज जेवताना समोर बसून पाहत होते.

पावसाळा त्या वर्षी लांबला. दिवाळीच्या साफसफाईचे दिवस आले. एका सकाळी साडेअकराच्या सुमाराला चाळीच्या फाटकाशी टॅक्सी थांबली आणि बंगल्याचा माळी खाली उतरला. त्याचे केस आणि खांदे चुन्याने पांढरे झाले होते. मी नळावर होते. त्याने मला ओळखलं आणि अशोक कुठे आहे ते विचारलं, आणि त्याच्या त्या पांढऱ्या खांद्यांकडे बघून मला पुढचं सगळं कळलं.

शेवंताबाई एकट्याच वर होत्या. पितळी गोळे पुसत होत्या. चाळीस बायकांचा भार पेलून उभा राहिलेला सज्जा त्या चिमूटभर बाईच्या वजनाने पश्चिमेच्या बाजूने संबंध खाली आला. आवाज इतका मोठा झाला की समोरच्या वाडीतली माणसं रस्त्यावर आली. शेवंताबाईंना बाहेर काढायला दोन तास लागले.

दुसऱ्या दिवशी चाळीत त्यांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, पांढऱ्या साड्यांतल्या बायकांनी बुद्धवंदना म्हटली. आईने तीन दिवस अशोककडे जेवण पोचवलं. चौथ्या दिवशी तो आमच्या दारात आला आणि आबांच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाला, "काका, तुम्ही आधीच सांगितलं होतं ना त्यांना? माझ्याबरोबर चौकीत याल? बंगल्यावरचे म्हणतायत, कुणी काही सांगितलंच नव्हतं."

आबांनी सदरा चढवला. मीही निघाले. का, ते मला ठाऊक नव्हतं. आबांना ऐकू येत नाही, कुणीतरी सोबत हवं, असं मी आईला सांगितलं.

चौकीत आप्पासाहेब आधीच बसलेले होते. चार दिवसांत दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे. आबांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, नेहमीच्या मोठ्या आवाजात, तिसरी, चौथी, पाचवी तुळई. हवालदार लिहून घेत होता. सांगून झाल्यावर आप्पासाहेब थकल्या आवाजात म्हणाले, "हा बोलला होता, हे खरं. पण याला ऐकू येत नाही. याच्याच मुलीला मी सगळ्यांदेखत विचारलं होतं. ती म्हणाली, काही नाही, नेहमीसारखंच आहे. मग मी कुणाचं धरायचं? ही उभी आहे, विचारा."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. हवालदाराने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "म्हणाली होतीस?"

"हो."

"आणि ऐकलं काय होतंस?"

भिंतीला टेकून अशोक उभा होता. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. "तिन्ही तुळया गेल्या होत्या," मी म्हणाले. "पाचवीच्या आत भिंत सरकत होती. मी नीट ऐकलं होतं."

हवालदाराने लेखणी खाली ठेवली. "मग खोटं कधी बोललीस? तेव्हा की आता?"

"तेव्हा."

मी खाली मान घालून बोलले होते, त्यामुळे आबांना माझे ओठ दिसले नव्हते. ते एकेकाच्या चेहऱ्याकडे बघू लागले आणि शेवटी अशोकला विचारलं, "काय म्हणाली रे?" अशोक भिंतीपासून दूर झाला. मग पुढे आला, त्यांच्या उजव्या कानाशी वाकला आणि एकेक शब्द सुटा करून, ओरडून, त्याने सगळं सांगितलं.

आबा माझ्याकडे वळले. ते रागावले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर होतं ते काय होतं, त्याला आजही माझ्याकडे शब्द नाही.

"मगे माका थय एकट्याक कित्याक सोडलंस गो?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या परीने ते हळूच बोलले असतील. पण 'एकट्याला का सोडलंस' हे वाक्य चौकीच्या बाहेर, रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. दारातली माणसं आत डोकावली. आप्पासाहेबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. हवालदाराने लेखणी पुन्हा उचलली आणि मला, जरा खालच्या आवाजात, विचारलं, "हे पण लिहायचं का?"

मी म्हणाले, "लिहा."